पाडव्याआधीचा चैत्र

यात्रा कमिटीच्या अध्यक्षांनी फोन करून मला सांगितलं, "तुझं ते पान आता बंद कर." अध्यक्ष म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. मी त्याला दादा म्हणते आणि त्याचं फारसं ऐकत नाही.

"का बंद करू?" मी विचारलं.

"कमिटीनं ॲप केलंय. कंपनीकडनं रीतसर करून घेतलंय. गावाची माहिती दोन ठिकाणी कशाला पायजे? आन् तू सांगलीत दिलेली लेक. माहेरच्या कारभारात किती हात घालायचा, ह्याला काय सुमार हाय का न्हाई?"

मी म्हटलं, पान बंद होणार नाही. तुझं ॲप तू चालव, माझं पान मी चालवते. त्यानं फोन ठेवला. पुढचे दोन दिवस माझं डोकं तापलेलं होतं. नवरा चहाचा कप माझ्यापुढे ठेवून बाहेर जात होता.

या पानाचं आधी सांगायला हवं. मी सांगलीला एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी करते. माहेर कराडच्या पलीकडे, कोयनेच्या अंगाला. त्या गावात घरटी एक तरी माणूस फौजेत आहे. लॅबमध्ये कुणीतरी कधीकाळी एक जुना एडिटर टाकून ठेवलेला होता, तो मी नोकरीला लागल्यावर हळूहळू शिकले. एडिटर म्हणजे नुसती अक्षरं लिहायची जागा. ना चित्रं, ना रंगीत बटणं. ओळीच्या सुरुवातीला चांदणी टाकली की तो मथळा धरतो, बाकी सगळं बोटांनी, कळा दाबून. पोरं हसायची, म्हणायची, मॅडम, हे काय आजोबांच्या काळातलं. हसा म्हटलं. पण हा एडिटर आपल्याला हवा तसा वळवता येतो. त्याचे नियम साध्या मजकुरात लिहिलेले असतात, ते उघडून वाचायचे आणि पटले नाहीत तर बदलायचे. मला आयुष्यात दुसरं काहीच असं मिळालं नव्हतं, त्यामुळे मी त्याला चिकटले.

त्यात मी गावाच्या नोंदी लिहायला लागले. कुठल्या ओढ्याला कधी पाणी आलं, यात्रेला कुस्त्या कशा झाल्या, कोण निवृत्त होऊन आलं. त्याच एडिटरला एक हुकूम दिला की नोंदींचं वेबपान तयार होऊन इंटरनेटवर चढतं. सांगायला सोपं आहे. पहिल्यांदा चढवलं तेव्हा मराठीच्या जागी नुसते चौकोन आले. ते निस्तरलं तर तक्ते मोडले. तक्ते सुधारले तर मथळे गायब. उन्हाळ्याची अख्खी सुट्टी त्यात गेली, आणि सासूबाई शेजारणीला सांगत होत्या की आमच्या सूनबाईंना कंसांचं याड लागलंय. खरंच होतं ते. त्या एडिटरचे नियम कंसांत लिहावे लागतात, आणि एक कंस मिटायचा राहिला की सगळं रुसून बसतं.

पण पान झालं. पांढऱ्यावर काळी अक्षरं, दुसरं काही नाही. त्यामुळे ते कुठेही उघडायचं. माझा धाकटा भाऊ फौजेत आहे, जिथे फोनला एखादीच काडी रेंज मिळते तिथेही त्याला उघडायचं. त्यानं ते बाकीच्यांना सांगितलं, आणि गावची फौजी पोरं ते बघायला लागली. ती एकच गोष्ट शोधायची. यात्रेची तारीख.

आमच्या भैरवनाथाची यात्रा चैत्र वद्य अष्टमीला. तिथी ठरलेली, पण इंग्रजी तारीख दरवर्षी हलते. आणि भावाच्या युनिटात पुढच्या सालच्या सुट्ट्यांचा तक्ता दसऱ्याच्या सुमारासच करतात. तेव्हा भिंतीवरची नवीन कॅलेंडरं बाजारात आलेली नसतात. गुरवाला विचारावं तर तो म्हणतो, पंचांग आल्यावर सांगतो. म्हणजे पोरांनी अंदाजपंचे सुट्टी टाकायची, आणि चुकली की तिकडेच बसून फोनवर हलगी ऐकायची. माझा भाऊ असा कितीतरी वेळा बसलेला आहे. एकदा तर नुसता फोन चालू ठेव म्हणाला. पालखी देवळात परत जाईपर्यंत मी फोन धरून उभी होते.

आणि या खेपेला त्याचं येणं नुसतं हौसेचं नव्हतं. पालखीचा पहिला खांदा आमच्याकडे भावकीतल्या घरांमध्ये पाळीनं फिरतो. मागची पाळी आली तेव्हा भाऊ सीमेवर होता, वडिलांनी एकट्यानं निभावली. आता वडील नाहीत. पुढच्या यात्रेला पाळी आमच्या घराची, आणि घरात खांदा द्यायला भावाशिवाय कुणी नाही. तो आला नाही तर मान पुढच्या घराला जाणार. पुढचं घर दादाचं. फेरी पूर्ण होऊन आमची पाळी परत येईल तेव्हा भावाच्या गुडघ्यांत पालखी उचलायचा दम असेल का, कोण सांगणार. आई तर तोपर्यंत नसेलच, हे ती स्वतःच येता-जाता ऐकवायची.

तर दसऱ्याला कमिटीचं ॲप आलं. नारळ फोडला, हार घातला, फोटो निघाले. ॲपवर पुढच्या सालची यात्रेची तारीख होती, मार्च महिन्यातली. त्याचा फोटो काढून दादानं गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, सर्व जवान बंधूंनी नोंद घ्यावी. नोंद घेतली सगळ्यांनी. भावानंही त्याच दिवशी सुट्टीचा अर्ज लिहिला आणि मला फोन केला.

"आक्का, मार्चात येतोय. आयला सांग. खांदा मारतोय ह्या टायमाला."

मी लगेच आईला फोन करून सांगितलं.

मी नेमकी त्याच दिवसांत माझ्या एडिटरला तिथी शिकवत होते. दरवर्षी तारखा हातानं टाकायचा कंटाळा आला होता, म्हणून कुणीतरी फुकट वाटायला ठेवलेली, एडिटरला जोडायची एक पुरवणी उतरवून घेतली होती. तिला तिथी सांगायची, ती इंग्रजी तारीख काढून नोंदीत भरते. मी यात्रेची तिथी घातली, तर तिनंही मार्चच दाखवला. अगदी ॲपवरचीच तारीख. मला वाटलं, दोन्हीकडे तेच आहे म्हणजे बरोबरच असणार. दादाचं ॲप बरोबर निघालं याचा मला थोडा रागसुद्धा आला, खोटं कशाला बोलू.

मग मी बाकीचे सण घातले. होळी, रंगपंचमी, पाडवा, अक्षय्य तृतीया. एडिटरला सांगितलं, आता सगळं क्रमानं मांड. मांडलं त्यानं. सगळ्यात वर रंगपंचमी, तिच्याखाली होळी, मग यात्रा, मग पाडवा.

मी ते वाचलं आणि परत वाचलं. रंगपंचमी होळीच्या आधी? आमच्याकडे होळी पेटून पाच दिवस झाले की रंग खेळतात, हे शाळेत न गेलेलं पोरही सांगेल. आणि पाडव्याला चैत्र लागतो, वर्षच तिथून सुरू होतं, मग चैत्रातली यात्रा पाडव्याच्या आधी कुठून आली? नुसती तारीख बघून हे कुणाच्या ध्यानात येण्यासारखं नव्हतं. पुढच्या सालचा पाडवा कधी आहे हे दसऱ्याला कोण पाठ करून बसतंय? चारी सण एकाखाली एक आले तेव्हा कुठे ते दिसलं.

लॅबला कुलूप लावायची वेळ झाली होती. शिपाई किल्ल्या वाजवत उभा राहिला. मी त्याला म्हटलं, बस जरा.

एकेक सण काढून पौर्णिमा-अमावास्येच्या तारखांशी ताडून बघितला. होळी बरोबर, पाडवा बरोबर, अक्षय्य तृतीया बरोबर. चुकलेले दोनच, रंगपंचमी आणि यात्रा. दोन्ही पौर्णिमेनंतरच्या पंधरवड्यातले, वद्यातले. आणि दोन्ही बरोबर एक महिना अलीकडे. म्हणजे पुरवणीला वद्य पक्ष आधी आणि शुद्ध पक्ष नंतर असं वाटत होतं. तिचे नियम उघडून वाचले तर तसंच लिहिलेलं होतं, पौर्णिमा झाली की महिना संपला. आपला महिना अमावास्येला संपतो. ज्यानं ती लिहिली तो उत्तरेकडचा माणूस असणार, त्याच्या गावात तसंच मोजतात. त्याच्या गावापुरतं ते बरोबरच होतं. आणि कमिटीच्या ॲपवाल्या कंपनीनं असलंच काहीतरी कुठूनतरी उचलून आमच्या नाथाच्या गळ्यात बांधलं होतं.

यात्रा एप्रिलात होती. आणि माझा भाऊ मार्चात येणार होता.

मी आधी दादाला फोन केला. नीट, शांतपणे सांगितलं. निदान सुरुवात तरी शांतपणे केली.

"म्हंजे आता कंपनी चुकली आन् तू बराबर," तो म्हणाला.

"दादा, रंगपंचमी होळीच्या आधी येते का?"

"आगं, ॲपवर रंगपंचमी हायच कुठं? नुसती यात्रा हाय. ठराव झालाय, पोरांचं अर्ज गेल्यात. आता तू मधीच एप्रिल म्हनून बोंब मारशील, तर निम्मी पोरं इकडं आन् निम्मी तिकडं. गावाचं हसं करतीस का?"

"हसं मार्चात होईल. पोरं येतील आणि देवळाला कुलूप असेल."

"तुझं पान बंद झालं म्हनून जळतीस तू."

"माझं पान बंद झालेलं नाही," मी म्हटलं, आणि या खेपेला फोन मी ठेवला. त्यानं हे मुद्दाम केलं असं मी तेव्हाही म्हणत नव्हते आणि आजही म्हणत नाही. त्याचा स्वतःचा लेकही फौजेत आहे, त्यानंही मार्चचाच अर्ज दिला होता. पण चूक मान्य केली तर नारळ फोडलेल्या हाताचं काय, एवढाच त्याचा प्रश्न होता.

मग भावाला लावला. त्याचंही ऐकून माझा जीव अर्धा झाला.

"आक्का, सगळी मार्च म्हणत्यात, तू एकलीच एप्रिल म्हणतीस. मी नेटवर बघितलं तर एका जागी मार्च हाय, दुसऱ्या जागी एप्रिल. सायबाकडं अर्ज गेलाय माझा. एकदा बदलला तर परत न्हाई बदलायचा. तुझं चुकलं तर मी दोन्हीकडनं गेलो."

तो म्हणत होता त्यात काही खोटं नव्हतं. मी त्याला दोन दिवस मागून घेतले.

त्या दोन दिवसांत मी पुरवणीचा नियम बदलला. वद्य पक्ष आला की महिना एकानं पुढे धर, एवढंच. लिहायला फार नव्हतं, पण अधिक महिना आला की ते पुन्हा फिसकटायचं, मग त्याची वेगळी सोय. मग मागची सालं घालून बघितली. मी दरवर्षी यात्रेहून आले की नोंद लिहिते, त्यांच्याशी ताडून पाहिलं. सगळी जुळली आणि एक साल एका दिवसानं चुकलं. एवढंसं चुकलं म्हणून सोडून देता आलं असतं, पण भावाचा खांदा त्या एका दिवसावर होता. शोधलं तर सूर्योदय उत्तरेतल्या कुठल्याशा शहराचा धरलेला. तिथी सूर्योदयाला कोणती आहे यावर दिवस ठरतो. तिथे आमच्या गावचे अक्षांश-रेखांश टाकले, तेव्हा तेही साल जुळलं.

मग भावाला फोन केला आणि म्हटलं, "तू यात्रेला आला होतास त्या सालचे फोटो फोनमध्ये काढ. तारीख मला सांगू नकोस. नुसतं साल सांग."

त्यानं साल सांगितलं. मी ते घातलं आणि आलेली तारीख वाचून दाखवली.

"व्हय," तो म्हणाला.

"दुसरं साल सांग."

तेही जुळलं. मग कंपनीच्या हिशेबानं त्याच सालांची काय तारीख येते ती सांगितली. दोन्ही वेळा महिनाभर आधी.

"त्या तारखेला तर मी हितं युनिटातच हुतो," तो म्हणाला. मग म्हणाला, "आक्का, हे समदं एका ठिकाणी लिहून देतीस का? सायबाला दावता येईल असं?"

मी ते पानावरच चढवलं. पहिल्या उभ्या रकान्यात साल, दुसऱ्यात ॲपच्या हिशेबाची तारीख, तिसऱ्यात आपल्या हिशेबाची, चौथ्यात प्रत्यक्ष यात्रा झाली ती. वर ठळक मथळा दिला, यात्रा एप्रिलमध्ये आहे, मार्चमध्ये नाही. चढवताना एडिटर दोनदा अडला, तक्त्यातले मराठी आकडे त्याला पचेनात. मी त्याला शिव्या घातल्या आणि आकडे पचवायला लावले. पान चढलं, तसा मी त्याचा दुवा ग्रुपवर टाकला. दादानं तो लगेच काढून टाकला. मी परत टाकला. त्यानं मला ग्रुपमधूनच काढलं. मग मी फौजी पोरांना एकेकाला पाठवला, ज्याचा ज्याचा नंबर माझ्याकडे होता त्याला. दादाच्या लेकालाही पाठवला. त्याचं उत्तर आलं, "आत्या, आप्पा म्हणत्यात ॲपवरचंच बराबर हाय." मी पुन्हा लिहिलं, बाबा, तक्ता नीट बघ. पण त्यानं अर्ज तसाच ठेवला.

चार-पाच दिवसांनी भावाचा फोन आला, हसत होता. त्याचा साहेब बिहारकडचा. तक्ता बघून म्हणाला म्हणे, "हमारे यहाँ तो होली के अगले दिन चैत लग जाता है। तुम्हारे यहाँ नहीं लगता क्या?" भावानं सांगितलं, आमच्यात पाडव्याला लागतो. साहेबानं अर्जावरची तारीख खोडून एप्रिल लिहिलं आणि सही केली. ज्या गोष्टीवर मी डोकं फोडून घेतलं, ती त्या माणसाला एका वाक्यात कळली, कारण त्याच्या घरीही चैत होता. आमच्या अध्यक्षांकडे मात्र नुसता ठराव होता.

डिसेंबरात कॅलेंडरं आली. एप्रिल. ॲपवरची तारीख एका सकाळी गुपचूप बदलली. कुणी चुकलं असं कुणी म्हणालं नाही, माझं नाव तर निघणंच शक्य नव्हतं. ज्यांनी माझं ऐकलं होतं त्यांच्या सुट्ट्या जुळल्या. बाकीच्यांनी धावपळ केली, काहींचं जमलं. दादाच्या लेकाचं नाही जमलं. तोवर सुट्ट्यांचा तक्ता वरच्या साहेबांकडे गेला होता आणि एप्रिलातल्या जागा भरल्या होत्या. तो मार्चात आला, घरात बसून राहिला, आणि पाडव्याच्या आधी परत गेला.

यात्रेच्या दिवशी भावानं पहिला खांदा दिला. गुलालानं त्याचे डोळे सुजले होते, पण देवळाला प्रदक्षिणा होईपर्यंत त्यानं कुणाला जागा दिली नाही. आई ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती. पालखी समोरून गेली तेव्हा तिनं हात जोडले ते देवाला की लेकाला, मी विचारलं नाही. दादा माईकवर सगळ्यांचे आभार मानत होता, ॲपचेही मानले. उठून माईक हिसकावून घ्यावा असं वाटलं. पण पालखी चालू होती म्हणून मी जागची हलले नाही.

संध्याकाळी सगळे जेवायला बसल्यावर दादाची बायको, माझी वैनी, परड्यात माझ्याजवळ आली. तिच्या हातात तिचा फोन होता. दिवसभर ती पाहुण्यांना वाढत होती, मी तिला धड बसलेलं पाहिलं नव्हतं.

"वन्सं, एक काम हुतं," ती हळू आवाजात म्हणाली. "पुढल्या सालची तारीख तुमी आत्ताच काढून द्या मला. मी पोराला आत्ताच धाडते. ह्यांना इचारून काय उपेग न्हाई." पदरानं डोळे पुसून म्हणाली, "मार्चात आला, रोज सांच्याला त्या बंद देवळाच्या पायरीवर जाऊन बसायचा वो."

मी तिचा फोन घेतला, पान उघडून दिलं आणि तारीख कुठे असते ते दाखवलं. तिनं ती तिथे उभ्या उभ्या मोठ्यानं वाचली, दोनदा. मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं, आणि तिनं जेवणाच्या पंगतीकडे, दादा बसला होता तिकडे पाहिलं.

"पर ह्यांनी तर हे पान बंद करायला लावलंय न्हवं तुमाला?"

"लावलंय."

"मग?"

"मग काय. चालू आहे."